पंचवीस ग्रॅमची पुडी

"ताई, हा आकडा खरा असेल तर बाकीचे सगळे खोटे आहेत," तेजल म्हणाली. "आणि बाकीचे खरे असतील तर हा खोटा."

तिने पेनाचं टोक ज्या आकड्यावर टेकवलं होतं त्याच्याकडे श्रद्धा बघत राहिली. बाकीच्या आकड्यांसारखाच तो एक आकडा होता. बदलापूर स्टेशनाबाहेरच्या इमारतीत, एका दाताच्या दवाखान्याच्या वर, धंद्याचे हिशेब बघणाऱ्या तेजलचं ऑफिस होतं. खाली कुणाचा तरी दात कोरला जात होता आणि त्याचा आवाज जमिनीतून पायांत येत होता.

"मला पुन्हा सांग," श्रद्धा म्हणाली. "मुलाला सांगतात तसं."

"जुलैपासून तुम्ही पाच रुपयांच्या पुडीचं वजन तीस ग्रॅमवरून पंचवीस ग्रॅम केलं. बरोबर? पुड्या विकल्या गेल्या तेवढ्याच. मग माल एकषष्ठांश तरी कमी लागायला हवा. पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबरं, तेल, सगळं. त्यासाठीच तर वजन कमी केलं आपण. आणि लागलाय किती? पहिल्याएवढाच. त्यात तेलाचा भाव वर, खोबऱ्याचा तर विचारूच नका. म्हणून ही तिमाहीसुद्धा तोट्यात."

"म्हणजे माल गेला कुठे?"

"ते कागद सांगत नाही ताई. कागद एवढंच सांगतो की गेला."

श्रद्धाने मान हलवली. तिचा धंदा मुद्रितं तपासायचा. वीस वर्षं ती लोकांच्या पुस्तकांतल्या चुका शोधत आली होती. वाक्य कुठे लंगडतंय हे तिला न बघता कळायचं. इथे मात्र ओळीमागून ओळ सरळ जात होती आणि शेवट तेवढा भलताच येत होता.

आई मार्चमध्ये गेली. तिने, सुंदराबाईंनी, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका भाड्याच्या गाळ्यात भाजक्या पोह्यांचा चिवडा करायला घेतला तेव्हा श्रद्धा शाळेत होती. सुटीच्या दिवशी ती पॅकिंगच्या टेबलावर बसून पुड्या भरायची, त्यावर तिला चित्रकथांची पुस्तकं मिळायची. पुढे गाळ्याचे दोन गाळे झाले, अठरा बायका आल्या, 'सुंदरा चिवडा' विठ्ठलवाडी डेपोच्या टपऱ्यांपासून वांगणीच्या किराणा दुकानांपर्यंत लाल-पिवळ्या माळा होऊन लटकू लागला. श्रद्धा पुस्तकांकडे गेली. दोघींनाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आईचे दिवस झाल्यावर गाळ्याची किल्ली कुणी तरी घ्यायची म्हणून तिने घेतली, आणि घेतल्यावर ती कुणाला परत द्यायची हे तिला कळेना.

घेणारा होता. हरेशभाई. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, सिंधी बाजारात, त्यांची घाऊक मालाची गादी; पंधरा वर्षं सगळा माल तेच उचलत आलेले. एप्रिल ते जूनची तिमाही तोट्यात गेली तेव्हा ते स्वतः चालत गाळ्यात आले होते, पंख्याखाली बसून घाम पुसत म्हणाले होते, "बेटी, तुझी अम्मा मला राखी बांधत होती. मी तुला लुटणार नाही. पण हे तुझं काम नाही. मला नाव दे, मशीन माझी, जागा माझी. तुला दर महिन्याला घरबसल्या हिस्सा."

"आणि बायका?"

"मशीनला बायका नाही लागत ना."

तिने तीन महिने मागून घेतले होते. सप्टेंबरअखेरची तिमाही नफ्यात आली तर गाळा चालू, नाही तर नाव हरेशभाईंना. हात मिळवून ठरलं होतं. आणि नफ्यात आणायचा एकच मार्ग तेजलने दाखवला होता, जो सगळ्या मोठ्या कंपन्यांनी आधीच धरला होता: किंमत पाचच, वजन कमी. पाच रुपयांचं नाणं असतं, सहाचं नसतं.

आईने हे शेवटपर्यंत केलं नव्हतं. शेवटच्या दिवाळीत तेलाचे भाव चढले तेव्हा श्रद्धाच म्हणाली होती, सगळे करतात, तू का नाही? आई डाळं चाळत होती. चाळण न थांबवता म्हणाली, "पोराने पाच रुपये देऊन पुडी घेतली आणि ती अर्ध्या रस्त्यात संपली, तर ते पोर माझ्याकडे बघून काय म्हणेल?" श्रद्धाने तेव्हा वाद घातला नव्हता. जुलैत मात्र नव्या वजनाच्या पुड्यांची छापील प्लास्टिक फिल्म आली आणि तिने स्वतः सही करून ती उतरवून घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस दुकानांवरची माळ दिसली की ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायची.

शनिवारी हरेशभाई उत्तराला येणार होते. आज सोमवार.

*

गाळ्यात तिने आधी तेल बघितलं. कढया गळत नव्हत्या. मग चाळणीखालचा चुरा बघितला. तो नेहमीएवढाच होता आणि नेहमीसारखाच गोठ्यांकडे जात होता. वाया गेलेल्या पुड्यांचं पोतं उपसलं. त्यातही काही नव्हतं. तपासणीचा काटा लावून पाहिला. आईने तो काटा मुद्दाम बनवून घेतला होता: सील झालेली पुडी ठेवायची, कमी भरली तर लाल दिवा. त्याची खूण जुलैत तिने स्वतः तीसवरून पंचवीसवर आणली होती. तीन महिन्यांत लाल दिवा फारसा लागलाच नव्हता. बायका अगदी चोख भरत होत्या.

मग उरलं ते एकच. ते मनात आल्याबरोबर तिला स्वतःचीच शिसारी आली, तरी ते जाईना.

"अनंतादादा, स्टोअरची किल्ली थोडे दिवस माझ्याकडे असू दे," ती म्हणाली.

अनंता बारा वर्षं स्टोअर सांभाळत होता. का, ते त्याने विचारलं नाही. करगोट्याला बांधलेली किल्ली सोडवायला त्याला जरा वेळ लागला, गाठ जुनी होती.

"शेंगदाणे मोजून घ्या ताई," तो म्हणाला. "आणि चिवड्याचं म्हणाल तर इथे लागल्यावर पहिले दोन महिने खाल्ला. आता वाससुद्धा नको वाटतो. बायको चहाबरोबर बिस्किटं देते."

तिला हसू आलं असतं, पण तो हसत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा अनंता स्टोअरच्या बंद दाराशी, हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा होता. तिने दार उघडलं. पोती मोजली. सगळी बरोबर होती. स्टोअरमधून गेलेला माल आणि कढईत पडलेला माल जुळत होता. कढईतून निघालेला चिवडा आणि टेबलावर आलेला चिवडा जुळत होता. टेबलापुढे पुड्या होत्या, आणि पुड्या तर मोजलेल्याच होत्या.

चोरी नव्हती. मग काय होतं? चोर सापडला असता तर बरं झालं असतं असं तिला एक क्षण वाटलं, आणि ती तशीच पोत्यावर बसून राहिली. आई असती तर तिने गाळ्यात पाऊल टाकताच सांगितलं असतं. पण आई असती तर हा प्रश्नच नसता, आणि आई असती तर वजनही कमी झालं नसतं, आणि मग तोटा आणखी मोठा असता की नसता? हिशेब इथे येऊन फिरायचा आणि पुन्हा पहिल्या ठिकाणी जायचा. त्यात आई नाही हे वाक्य दर वेळी नव्याने समोर यायचं, जणू कुणी ते आत्ताच छापून आणलं होतं.

दुपारी हरेशभाईंचा फोन आला.

"बेटी, शनिवारी येतो ना मी. पण एक अजीब गोष्ट सांगायची आहे. बाकी कंपन्यांनी ग्रॅम कमी केले तर दुकानदार माझ्या डोक्यावर बसले. गिऱ्हाईक बोलतं हवा भरली आहे पुडीत. तुझ्या मालाला एक माणूस काही बोलला नाही. एक पण नाही. मी स्वतः विचारलं. बोलतात, सुंदरा आहे तसाच आहे."

"छापलंय ना त्यावर पंचवीस."

"अरे छापलेलं कोण वाचतं, साईं? तू वाचते फक्त!"

फोन ठेवल्यावर तिला आणखीच कळेनासं झालं. माल जास्त लागतो. गिऱ्हाईक खूश आहे. चोर नाही. तोटा आहे. चारही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्या एका ओळीत बसत नव्हत्या.

*

गुरुवारी सहा बायका आल्या नाहीत. बारवी धरणाकडच्या पाड्यांवर लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं होतं. दर वर्षी या दिवसांत त्या जायच्या आणि दर वर्षी नेमकी दिवाळीची ऑर्डर त्याच वेळी यायची. पाड्यांवरच्यांपैकी बनूबाई तेवढ्या राहिल्या होत्या. त्या तिथल्याच, पण भात आता मुलगा बघायचा. पॅकिंगच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून त्यांची जागा ठरलेली, खिडकीकडची.

"बसा गो तुमीच," बनूबाई म्हणाल्या. "लहानपणी बसायच्या ना. का पुस्तकं वाचून हात नाजूक झाले?"

"भरता येईल की नाही आता, माहीत नाही."

"सायकल काय इसरते का कोन?"

श्रद्धाने केसांना टोपी घातली, हात धुतले आणि बनूबाईंच्या शेजारी बसली. समोर चिवड्याचा ढीग, गरम, कढीपत्त्याचा वास सुटलेला. उजव्या हातात नवं माप, पंचवीस ग्रॅमचं, जुलैत तिनेच आणलेलं. माप ढिगात बुडवायचं, काठावर सपाट करायचं, पुडीत ओतायचं, पुडी सीलवाल्या बाईकडे सरकवायची. पहिल्या काही पुड्यांना सांडलं. मग हात सुटला. बनूबाई शेजारी बोलत होत्या, सुनेबद्दल, चिखलोलीच्या नव्या इमारतींत घरकाम किती महाग झालंय त्याबद्दल. श्रद्धा हूं हूं करत होती. कितीतरी महिन्यांनी तिच्या डोक्यात काही चाललेलं नव्हतं.

सीलवाल्या बाईने तिच्या पुड्या काट्यावर टाकल्या. लाल दिवा एकदाही लागला नाही.

"बगा," बनूबाई म्हणाल्या. "हात बाईंचाच हाय."

श्रद्धा हसली आणि पुढची पुडी उचलली. माप ओतलं. पुडी डाव्या तळव्यावर जराशी उडवून झेलली. उजव्या हाताने ढिगातून पाच बोटांच्या चिमटीत मावेल तेवढा चिवडा उचलला आणि पुडीत टाकला.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

तिने हातातल्या पुडीकडे पाहिलं. ही चिमूट तिने टाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं. ती सकाळपासून टाकत होती. पुडी झेलायची, तळव्याला हलकी वाटली की वरून घालायचं, बरोबर वाटली की सोडायची: हे तिला आईने दहाव्या वर्षी शिकवलं होतं, तिच्या तळव्याखाली स्वतःचा तळवा धरून. माप चुकेल, हात चुकायला नको, असं आई म्हणायची. ती टेबलभर बघू लागली. बनूबाईंनी पुडी झेलली, चिमूट टाकली. त्यांच्या पलीकडच्या बाईने झेलली, चिमूट टाकली. समोरच्या दोघींनी. तीन महिने ती रोज याच टेबलासमोरून जात होती आणि हे बघत होती. लहानपणापासून बघत आलेली गोष्ट, म्हणून ती दिसली नव्हती.

ती उठली. सील झालेली एक पुडी तिने स्टोअरमधल्या मसाल्याच्या वजनकाट्यावर ठेवली. मग दुसरी. मग ढिगातल्या कुणाकुणाच्या मिळून ओंजळभर. एखादा ग्रॅम इकडे, एखादा तिकडे. सगळ्या तिसाच्या आसपास.

तपासणीचा काटा कमी भरलेली पुडी पकडायला होता. जास्त भरलेली पुडी पकडावी असं आईच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं.

"काय झालां?" बनूबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"बनूबाई, आपण अजून तीसच भरतोय."

"नाय गो. माप नवं हाय."

"माप पंचवीसचंच आहे. वरून चिमूट कोण घालतं?"

बनूबाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, उलटसुलट, जसं दुसऱ्याचं काही तरी बघावं. "पुडी हलकी लागते ना," त्या म्हणाल्या. "हलकी पुडी सोडली तर बाई काय बोलायच्या, इसरलात? घरी पोराला अशीच देशील का?" मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे ह्यो तोटा आमच्या हातानं झाला?"

"माझ्याही. माझ्या पुड्या बघा. तुमच्यापेक्षा जड आहेत."

दोघी काट्यासमोर उभ्या राहिल्या. बनूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत असं श्रद्धाला वाटलं, पण त्या हसत होत्या, आणि मग खरंच रडायला लागल्या, आणि श्रद्धाला कळेना की आपण यातलं काय करायचं. जुलैपासून ज्या गोष्टीसाठी तिने स्वतःला माफ केलं नव्हतं ती गोष्ट तिने केलेलीच नव्हती. एकाही पोराची पुडी अर्ध्या रस्त्यात संपली नव्हती. ज्या गोष्टीने गाळा वाचायचा होता ती हीच गोष्ट होती, आणि तीही झालेली नव्हती. हलकं वाटावं की धडकी भरावी? दोन्ही एकदमच होत होतं.

संध्याकाळी तिने स्टोअरची किल्ली अनंताच्या हातावर ठेवली. "चूक माझी होती," ती म्हणाली. अनंताने किल्ली करगोट्याला अडकवली आणि या वेळी गाठ दोनदा मारली.

*

शुक्रवारी तिने बायकांना चिमूट न घालता भरायला सांगितलं. अर्धा तास जमलं. प्रत्येक पुडी झेलल्यावर उजवा हात ढिगाकडे जायचा आणि हवेत अडखळून परत यायचा. टेबलावर कुणी बोलत नव्हतं. तिने स्वतः बसून पाहिलं. पंचवीस ग्रॅमची पुडी तळव्यावर आली की कुणाला तरी फसवल्यासारखं व्हायचं, अंगठ्याच्या मुळाशी, नेमकं. बोलण्यात गुंतल्या की सगळ्या पुन्हा तिसावर. दुपारी तिने नाद सोडला आणि तेजलला फोन लावला.

"हात बदलत नाहीत," ती म्हणाली. "पुडी बदलली तर?"

"म्हणजे?"

"पाच रुपयांची बंदच केली तर. दहाची काढली, पन्नास ग्रॅमची. ती आम्ही कुणीच कधी भरलेली नाही."

तेजलच्या कॅल्क्युलेटरची बटणं टकटकली. मागे दाताचं यंत्र वाजत होतं. "फिल्मचा खर्च वाचेल," ती म्हणाली. "आणि खरंच पन्नासच भरली तर निभेल, निसटतं. पण पाच रुपयांची पुडी म्हणजेच सुंदरा, ताई. दुकानात त्या जागी दुसऱ्या कुणाची तरी माळ लटकेल."

"माहीत आहे."

"नक्की माहीत आहे ना?"

"नाही," श्रद्धा म्हणाली.

शनिवारी हरेशभाई आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले. तिने काही लपवलं नाही. वजनकाटा टेबलावर आणून पुड्या एकेक करून ठेवून दाखवल्या. ते आधी काट्याकडे, मग तिच्याकडे, मग टेबलावरच्या बायकांकडे बघत राहिले.

"मतलब तीन महिने पंचवीस छापून तीस दिलं," ते हळू म्हणाले. "उलटी बेईमानी! पंधरा वर्षं मी अम्माला बोलत होतो, थोडं कमी भर. मरून पण ऐकली नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग धंद्याच्या आवाजात आले. "पण तोटा तो तोटा. आपलं बोलणं झालं आहे. मशीनचा हात नसतो, बेटी. पंचवीस सांगितलं तर पंचवीस."

"बोलणं झालंय. तुम्ही आज नाव मागितलंत तर मी देईन," श्रद्धा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. "पण मागू नका. डिसेंबरपर्यंत थांबा. पाचची पुडी मी बंद करतेय. दहाची काढते, पन्नासची. डिसेंबरलाही तोटा आला तर मी स्वतः कॅम्प दोनला येऊन कागद देईन."

"पाचवाली बंद? ती अम्माची पुडी आहे."

"हो. म्हणूनच ती आम्हाला हलकी करता येत नाही."

हरेशभाईंनी रुमालाने मान पुसली. "दुकानदार शिव्या देतील," ते म्हणाले. "मला देतील, तुला नाही." उठताना त्यांनी काट्यावरची पुडी उचलून खिशात टाकली. "डिसेंबर," ते दारातून म्हणाले, आणि ते कबूल होतं की इशारा, ते तिला कळलं नाही.

ते गेल्यावर तिने साध्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या टेबलावर आणल्या. छापील फिल्म यायला वेळ होता. पंचवीसचं माप दोनदा ओतून बनूबाईंनी पहिली पुडी भरली, तळव्यावर घेतली, उडवली, झेलली. पुन्हा उडवली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी ती शेजारणीकडे दिली. शेजारणीने झेलून पुढे दिली. टेबलभर फिरून ती श्रद्धाकडे आली.

तिने डोळे मिटून पुडी झेलली. तळवा गप्प होता. त्याला या पुडीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, आणि ज्याने त्याला शिकवलं असतं तो हात नव्हता.

"हलकी का जड?" बनूबाईंनी विचारलं. उजवा हात त्यांनी सवयीने ढिगाजवळ नेऊन ठेवला होता.

"नाही कळत," श्रद्धा म्हणाली. "काटा आणा इकडे. आजपासून एकेक बघून भरू."